मानमोडीचे मास्तर

मास्तर कोंबडीलासुद्धा अहो-जाहो करायचे. खुराड्यात वाकून "अहो बाई, जरा सरका," असं म्हणायचे आणि ती सरकेपर्यंत तसेच वाकून उभे राहायचे. पहिल्या दिवशी आम्हांला वाटलं, आत कुणी बाईमाणूस आहे. आमच्या वर्गातला दाभोशाचा लखमा तर हळूच जाऊन बघून आला आणि तोंडावर हात धरून हसत सुटला.

माणसांशीही तेच. दरबारातले कारभारी असोत की मोळी विकायला आलेली म्हातारी, मास्तर सगळ्यांना "आपण" म्हणणार. लखमाला जन्मात कुणी आपण म्हटलं नव्हतं. "आपण पाणी बदललंत का?" असं मास्तरांनी विचारलं की तो मागं वळून बघायचा, कुणाला विचारतायत म्हणून. पुढं सवय झाली. मग एकदा मला म्हणाला, "ताई, घरा बायको माला 'ए' म्हनते ना, तं वंगाळ वाटतं आता."

ही जव्हार संस्थानातली गोष्ट, मी तरुण होते तेव्हाची. दरबारनं कोंबड्या पाळायचं शिक्षण देणारा एक वर्ग काढला होता. वर्ग म्हणजे काय, शिरपामाळाच्या खालच्या अंगाला कुडाची एक लांब झोपडी, तिच्यात अर्ध्या भागात कोंबड्या आणि अर्ध्या भागात आम्ही. मधे फक्त एक बांबूची ताटी. मास्तर शिकवायला लागले की पलीकडून एखादा कोंबडा आरवायचा, आणि मास्तर त्याचं होईपर्यंत थांबायचे. मधे बोलणं त्यांना उद्धटपणाचं वाटे.

मास्तर घाटावरचे, जन्मानं ब्राह्मण. अंडं कधी जिभेला लावलं नव्हतं. उत्तरेत कुठल्याशा मिशनच्या शाळेत राहून त्यांनी ही विद्या घेतली होती आणि तिकडचा इंग्रजी दाखला काचेत बसवून आणला होता. तो त्यांनी राहत्या खोलीत नाही लावला, खुराड्यासमोर लावला, कोंबड्यांकडे तोंड करून. "आपण कुणाच्या हाताखाली आहोत ते त्यांना कळायला हवं," असं म्हणाले. आम्ही हसलो, तर ते हसले नाहीत. त्यांच्या घरच्यांनी त्यांना पंक्तीला घेणं केव्हाच सोडलं होतं. गावातल्या भटजींच्या ओट्यासमोरून ते जात तेव्हा आतून कुणीतरी "कुकूच कू" करायचं. मास्तर थांबून त्या दाराकडे बघत आणि म्हणत, "आवाज चुकतोय. दुसरा कू लांबवा."

मी एकदा विचारलं, हे सगळं सोसून हेच का शिकलात? तर म्हणाले, "वैद्य शिकून होतो, वकील शिकून होतो. कोंबडीवाला तेवढा जन्माला येतो असं लोक समजतात. मला ते पटलं नाही."

फळ्यावर त्यांनी एक शिडी काढून ठेवली होती. ती कुणी पुसायची नाही. खालच्या पायरीवर उमेदवार, तिच्यावर मदतनीस, मग शिक्षक, मग तपासनीस, आणि सगळ्यांत वर काय लिहावं ते त्यांना सुचलं नव्हतं म्हणून ती पायरी मोकळी. शिक्षण पुरं झालं की परीक्षा, परीक्षेत पास झालं की दाखला, आणि दाखला असला की दरबारच्या नोकरीत मदतनिसाची जागा. दर सोमवारी एकेकाला उभं करून विचारायचे, "आपल्याला कुठल्या पायरीवर जायचंय?"

लखमाचं उत्तर ठरलेलं. "माला घरा जावाचा हाय, मास्तर."

"घरी जाल हो. पण काय होऊन जाल?"

"काय होवाचा? हाय तोच."

मास्तर कपाळाला हात लावायचे. माझा नंबर आला की मी म्हणायची, मदतनीस. मला वरच्या पायऱ्यांचं काही पडलं नव्हतं. मला मदतनिसाचा दाखला हवा होता आणि तो कशासाठी हवा होता ते सांगते.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझा नवरा गेला आणि मी भावाकडे आले. दादा वाईट नव्हता. वहिनीही वाईट नव्हती. पण मागून घेतलेलं आणि हक्काचं, यांत फरक असतो, तो ज्याला मागावं लागतं त्यालाच कळतो. डोक्याला तेल हवं तरी मी चार वेळा तांब्या-भांडं घासून मग विचारायची. मराठी चौथी शिकले होते, त्याचा उपयोग वहिनीला पोथी वाचून दाखवण्यापुरता. असं असताना मास्तर एक दिवस आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि दादाला म्हणाले, "आपल्या भगिनी लिहितात-वाचतात असं कळलं. त्यांना वर्गात पाठवा."

दादा उखडला. "विधवा बहीण कोंबड्यांत हात घालते म्हटल्यावर लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"माझ्या तोंडात घालून झालंय," मास्तर शांतपणे म्हणाले. "माणूस मरत नाही त्यानं. आणि मी त्यांना कोंबड्या पाळायला नेत नाही. नोकरीला लावायला नेतो आहे."

नोकरी हा शब्द आमच्या घरात बाईच्या बाबतीत कुणी उच्चारला नव्हता. वहिनी दाराआडून ऐकत होती. खोटं कशाला बोलू, तिनंच दादाला रात्रभर सांगून तयार केलं. एक ताट कमी होईल असा तिचा हिशेब असेल, पण तिचे उपकार मी विसरलेली नाही.

वर्गाच्या दारात चुना कालवलेली एक परात असे. आत जाणाऱ्यानं वहाणा बाहेर काढायच्या, पाय परातीत बुडवायचे, मग आत. देव आला तरी सुटका नाही. एकदा दरबारातले एक कारभारी तपासणीला आले. पायांत नवे विलायती बूट, गुडघ्याच्या खालपर्यंत नाड्या. मास्तरांनी परातीकडे हात केला.

"मी तपासणीला आलोय, मास्तर."

"म्हणून तर. आपण चार गावं फिरून आलात. चार गावांचा रोग आपल्या बुटांना आहे."

कारभाऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. लखमा मागं उभा राहून खोकायला लागला. शेवटी मास्तर स्वतः खाली बसले आणि एकेक नाडी सोडायला लागले, इतक्या सावकाश आणि इतक्या आदरानं, की कारभाऱ्यांना रागावताही येईना. बाहेर पडताना ते म्हणाले, "विक्षिप्त आहात हो." मास्तर म्हणाले, "शिक्षित आहे."

त्यांचा सगळ्यांत मोठा कटाक्ष नावांवर. कोंबडी आजारी आहे, असं म्हटलेलं त्यांना चालत नसे. "आजारी म्हणजे काय? रोगाला नाव असतं. नाव सांगा. नाव नाही तोवर उपाय नाही." नजर लागली, बाहेरचं झालं, वारं लागलं, असलं कुणी बोललं की ते कानांवर हात ठेवायचे. आणि पाड्यांवरून आलेली मुलं नेमकी उलट वळणाची. त्यांच्याकडे वाईट गोष्टीचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की ती वस्तू आपल्याला बोलावलं समजून येते. लखमाला "देवी" हा रोग फळ्यावर लिहायला सांगितलं तर तो खडू खाली ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला. मास्तर त्याच्या मागं गेले. रागावले नाहीत. बराच वेळ त्याच्याशी बोलत होते. आत आल्यावर लखमानं तो शब्द लिहिला, पण लिहिताना दुसरीकडे बघत होता.

तसं मास्तरांचं आणि लखमाचं मेतकूट होतं. अंधार करून, दिव्यासमोर अंडं धरून, आत जीव धरलाय की नाही ते बघायला मास्तरांनी शिकवलं तेव्हा लखमानं पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, ह्यो तं आपल्याला बघतोय." मास्तरांना ते इतकं आवडलं की पुढं प्रत्येक नव्या माणसाला ते सांगायचे, "आमचे लखमाजी म्हणतात, तो आपल्याला बघतो." लखमाच्या बापालाही ते ओळखायचे. म्हातारा दाभोशाहून नागलीची भाकरी आणि सुकी मासळी घेऊन पोराला भेटायला यायचा. मास्तर त्याला घोंगडी अंथरून बसवायचे आणि मासळीच्या वासानं नाकाला पंचा लावून त्याच्याशी गप्पा मारायचे.

परीक्षा पावसाळ्यानंतर व्हायची होती. त्या आधीच्या उन्हाळ्यात घात झाला.

लखमा चार दिवस घरी गेला होता तो भर दुपारी परत आला. हातात पळसाच्या पानांत गुंडाळलेली मेलेली कोंबडी. तो दारातच थांबला, परातीच्या बाहेर. मास्तरांनी पान उघडून बघितलं. कोंबडीची मान पाठीवर उलटी वळलेली होती. दाभोशाला आणखी पाच-सहा घरांत असंच झालंय, असं लखमा म्हणाला. मी त्या दिवशी वर्गात नव्हते. हे सगळं मला नंतर लखमानं सांगितलं.

मास्तरांनी रोग लगेच ओळखला. घाटावर त्यांच्या गावी या रोगाला मानमोडी म्हणत. मान मोडते म्हणून मानमोडी. यावर औषध नाही, ते म्हणाले, एकच उपाय आहे, जिथं लागण झाली तिथली कोंबडी तिथून हलू द्यायची नाही. लखमाला त्यांनी चुना आणायला बाजारात धाडलं आणि स्वतः दरबारात जाऊन दवंडीवाल्याला घेऊन तसेच उन्हाचे दाभोशाला निघाले. दवंडीचे शब्द त्यांनीच सांगितले. थोडक्यात आणि नेमकं बोलायची त्यांना सवय. ढोल वाजला आणि दवंडीवाल्यानं हाळी दिली:

"मानमोडी आली आहे. कुणी पाडा सोडून जाऊ नये. कुणाला पाड्यात घेऊ नये. मेलेलं उघडं टाकू नये, चुना घालून पुरावं."

एवढंच. कोंबडीचं नाव त्यात कुठंच नाही. मास्तरांच्या डोक्यात मानमोडी म्हणजे कोंबड्यांचाच रोग, तिथं कोंबडी कशाला सांगायला हवी?

आता त्या भागात कुणालाही विचारा. पहिल्या जर्मन लढाईच्या शेवटी जो ताप आला होता, ज्यानं घरंच्या घरं ओस पाडली, त्या तापाला पाड्यांवर मानमोडी म्हणत. म्हणत म्हणजे एकदाच म्हणाले, नंतर ते नाव कुणी काढलं नाही. लखमाची आई त्यातच गेली, दोन भाऊ गेले. पुरायला माणसं उरली नव्हती. जव्हारात आम्ही नुसता ताप म्हणायचो, आणि मास्तर त्या वर्षी उत्तरेत होते, तिकडं त्या तापाला आणखी काही नाव. ज्याचं नाव घ्यायला लोक दहा वर्षं भीत होते ते नाव मास्तरांनी ढोल वाजवून घेतलं. आणि वर सांगितलं, पाडा सोडू नका, मेलेलं पुरा.

लखमा चुन्याची गोणी घेऊन पोचला तेव्हा पाडा रिकामा होता. चुली तशाच जळत होत्या. मास्तर एकटे मधे उभे होते, दवंडीवालाही निघून गेला होता.

"सगळे कुठं गेले हो?" त्यांनी विचारलं.

"तुमी काय सांगितलात त्यांना?"

मास्तरांनी दवंडी शब्दाला शब्द म्हणून दाखवली. लखमानं पाठीवरची गोणी खाली ठेवली.

"मास्तर, मानमोडी कुनाची? कोंबडीची का मानसाची?"

"कोंबडीची. माणसाची कसली मानमोडी?"

मग लखमानं त्यांना सांगितलं. मास्तर ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "पण मी नाव बरोबर सांगितलं होतं." हे त्यांनी दोनदा म्हटलं, असं लखमा सांगायचा. भांडत नव्हते, त्यांना समजतच नव्हतं.

लोक पळाले ते मोखाड्याच्या बाजूला, वर सूर्यमाळकडे, सोयऱ्यांच्या घरी. आणि कोंबड्या मागं ठेवून कोण पळतो? घरातली प्रत्येक कोंबडी कुठल्या ना कुठल्या देवाला बोललेली असते, ती टाकून गेलं तर देव विचारणार. बायकांनी डालग्यांत भरून, डोक्यावर घेऊन, धडधाकट आणि लागलेल्या सगळ्या एकत्र वर नेल्या. जे होऊ नये म्हणून मास्तर उन्हातून धावले होते ते त्यांच्याच शब्दानं झालं. पंधरवड्यात सूर्यमाळच्या पाड्यांवर एक कोंबडं आरवेना.

त्याहून वाईट ते पुढंच. लखमाचा म्हातारा बाप चढणीवर गेला. ऊन आणि चढ, दुसरं काही नाही. उन्हाळ्यात वर प्यायला पाणी नसतं, त्यात इतकी माणसं आलेली. पण लोकांनी काय समजायचं ते समजलं. मानमोडीनं पहिला माणूस घेतला. आणि ती आणली कुणी, तर नाव घेणाऱ्यानं. तेव्हापासून मास्तरांना पाड्यांवर नाव पडलं, मानमोड्या.

चुन्याची परात होती तिथंच होती, पण वर्गातल्या कोंबड्याही गेल्या. मास्तरांनी त्या एकट्यानं पुरल्या, कुणाला हात लावू दिला नाही. दरबारनं वर्ग बंद केला. त्यात दरबारचं काय चुकलं, कोंबड्याच नाहीत तर शिकवणार कशावर? मी घरी बसले. वहिनी पुन्हा पोथी काढून द्यायला लागली. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर पाय ठेवायच्या आधीच शिडी गेली, असं मला रोज वाटायचं आणि मी रडायची, लपून नाही, चांगली चुलीपुढं बसून रडायची.

लखमा बापाचं दिवसकार्य आटपून एकदा वर्गाकडे आला होता. मास्तर त्याला सामोरे गेले आणि हात जोडून उभे राहिले. लखमा म्हणाला, "आदी कोंबडी म्हनाला असतात तं."  लखमा मग बसलाही नाही.

मला वाटलं, मास्तर आता गाव सोडतील. ते घाट चढून गेले खरे, पण पावसाआधी परत आले, ते पदरचे पैसे घालून गावठी कोंबड्या घेऊन. पावसाळाभर त्या रिकाम्या झोपडीत त्यांनी त्या सांभाळल्या. बोलणं जवळजवळ बंद. कोंबडीला सरका म्हणायचं झालं तर आता नुसता हात लावायचे. दिवाळीपर्यंत एकही दगावली नाही तेव्हा त्यांची खात्री पटली, आणि डालगं घेऊन ते दाभोशाला गेले, घरटी एक कोंबडी परत द्यायला. बायकांनी पोरांना आत ओढून दारं लावली. आतून पोरं ओरडत होती, मानमोड्या आला, मानमोड्या आला. मास्तर कोंबड्या अंगणात ठेवून आले. दुसऱ्या दिवशी बघतात तर सगळ्या पाड्याच्या शिवेबाहेर हाकललेल्या, निम्म्या कोल्ह्यानं खाल्लेल्या.

त्यानंतर ते आमच्या ओट्यावर आले. वाळले होते. दादा आता त्यांना बसा म्हणाला.

"परीक्षा घ्यायची आहे," मास्तर म्हणाले.

"वर्ग बंद झाला ना?"

"वर्ग झाला. परीक्षा राहिली आहे. दरबारात विचारून आलो. मी पास केलं तर दाखला चालेल."

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी केव्हाच उठून उभी राहिले होते.

परीक्षा सूर्यमाळला होती, तिथल्या घरांत कोंबड्या परत पोचवायच्या. सगळ्यांत कठीण जागा त्यांनी मुद्दाम निवडली. मोखाड्यापर्यंत बैलगाडी, पुढं पायी. सोबतीला दादा, आणि वाट दाखवायला लखमा. लखमा माझ्यासाठी आला होता, हे त्यानं निघतानाच सांगून टाकलं. मास्तरांशी तो बोलत नव्हता. उरलेल्या कोंबड्यांचं डालगं मात्र त्यानं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. वाटेनं मास्तर मला विचारत होते. खुडूक बसलेली कोंबडी कशी ओळखाल, पहिले आठ दिवस पिल्लांना काय घालाल, मेलेलीचं काय कराल. मी सांगत होते. मग म्हणाले, "घरचे विचारतील, ही कोंबडी कुणाकडची. तेव्हा?"

"मास्तरांची म्हणून सांगेन. नाव खरं सांगावं, हे आपणच तर शिकवलंत."

"नापास."

मी चालायची थांबले. "मग काय, खोटं बोलू?"

"ते मी शिकवलेलं नाही. कोंबडी घरात गेली पाहिजे. मी तेवढंच बघणार."

लखमाच्या आत्याचं घर पाड्याच्या टोकाला होतं. उन्हाळ्यात पळालेली माणसं हिच्याच घरी उतरली होती. हिच्या कोंबड्या त्यांच्यामुळे गेल्या, आणि वाटेत मेला तो हिचा भाऊ. मास्तर आणि दादा कुंपणाबाहेर मोहाखाली थांबले, खोडाच्या पलीकडे. मास्तरांनी पंचा डोक्यावरून घेतला होता. मी आणि लखमा आत गेलो.

म्हातारीनं कोंबडी हातात घेतली. पंख उचलून बघितले, पायाची नखं बघितली, डोळा बघितला. कोंबडी तिला आवडली हे मला दिसत होतं. मी तिला सगळं सांगितलं, नवी जुनीत सोडू नको, पाहुण्याची कोंबडी घरात घेऊ नको. ती मान हलवत होती. मग एकदम कोंबडी खाली ठेवून म्हणाली,

"त्या मानमोड्याची नाय ना ही?"

 खोटं तोंडातून निघेना, आणि खरं सांगितलं तर कोंबडी शिवेबाहेर जाणार, दाखलाही जाणार. आणि मास्तर दहा पावलांवर ऐकत होते. मी म्हणाले, "ते मास्तर ना? ते गेले."

मला म्हणायचं होतं, ते वर्ग सोडून गेले, नोकरी सोडून गेले. निदान तोंड उघडताना तेच म्हणायचं होतं. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली.

"गेला?" तिनं लखमाला विचारलं. "खरा का रं?"

लखमानं जमिनीकडे बघितलं.  मग म्हणाला, "ताई सांगते ना."

"बरा झाला," म्हातारी म्हणाली. तिनं कोंबडी उचलून पदराखाली घेतली आणि आत गेली. आतून तिचं बोलणं ऐकू आलं, भावाचं नाव घेऊन काहीतरी सांगत होती त्याला.

आम्ही बाहेर आलो. दादा तोंड फिरवून उभा होता. मास्तरांनी डोक्यावरचा पंचा काढून त्याची नीट घडी केली.

"पास," ते म्हणाले. मग लखमाकडे बघून म्हणाले, "आपणही."

 बाकीच्या कोंबड्यांचं डालगं मास्तरांनी उचललं होतं ते त्यानं त्यांच्या हातातून काढून घेतलं. त्या दिवसभरात पाड्यावरच्या बाकीच्या घरांनीही कोंबड्या घेतल्या. प्रत्येक घरात तोच प्रश्न आला आणि मी तेच उत्तर दिलं. दुपारनंतर तर विचारायच्या आधीच बातमी पुढं गेलेली असे.

दाखले मास्तरांनी तिथंच, मांडीवर कागद ठेवून लिहिले. मी म्हणाले, आता चला, अंधारायच्या आत मोखाडा गाठायला हवा. तर म्हणाले, "मी आता तिकडं कसा येऊ? बाजारात मला कुणी जिवंत बघितलं तर आपल्या कोंबड्या परत येतील." एवढं बोलून त्यांनी आम्हां तिघांना नमस्कार केला, दादाला, मला आणि लखमाला, आणि घाटाच्या वाटेला लागले. दादानं हाक मारली. त्यांनी मागं बघितलं नाही.

मला मदतनिसाची जागा मिळाली. हक्काचं तेल, हक्काचं लुगडं, पुढं हक्काची खोलीसुद्धा मिळाली. लखमानं दाखला घरात आढ्याला खोचून ठेवला आणि शेती केली. मी पाड्यापाड्यांतून फिरले, आणि नोकरी संपेपर्यंत कुठं ना कुठं कुणी म्हातारं माणूस विचारायचंच, त्या मानमोड्याचं काय झालं? मी सांगायची, गेले. ते खरे कधी गेले, ते मला कुणी सांगितलं नाही.